दहा बाय बारातलं होम थिएटर

गिरगावातल्या चाळीतून लॅमिंग्टन रोड पायी गाठता येतो, हीच ग्राहकाची पहिली अडचण. तयारीला वेळच मिळत नाही. दुकानदार ‘पाच पॉइंट एक घ्या साहेब, फोर के आहे, एआरसी आहे’ म्हणतो आणि साहेब मान डोलावतात. मान डोलावण्यापूर्वी पुढील शब्दार्थ तोंडपाठ करावेत. खिशात शिंप्याकडची टेप असावी.

सुरुवात पीएमपीओपासून करावी. पूर्ण नाव ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’. कॅसेटच्या जमान्यात खांद्यावर टाकून नेता येईल अशा टू-इन-वनवरही हा आकडा हजारांत छापलेला असे. तो कसा मोजायचा याचं सर्वमान्य मापच नाही, त्यामुळे छापणाऱ्याचा हात सढळ असतो. विचारायचा आकडा आरएमएस, म्हणजे यंत्र सतत पेलू शकेल ती ताकद. तेही पटत नसेल तर पेटी उलटी करून मागचं स्टिकर वाचावं. वीज 60 वॉट खाते असं तिथे लिहिलं असेल आणि पुढे 1500 वॉट चमकत असतील, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, एवढंच नम्रपणे म्हणावं.

शिवाय वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. जेमतेम 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. 50 वॉटचा जुना संच देऊन 100 वॉटचा आणणाऱ्याने घरी ‘फरक कळतोय ना?’ असं विचारू नये.

आता टेप काढावी. 43 इंची टीव्ही हे माप तिरकं असतं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. प्रत्यक्ष पडद्याची रुंदी साधारण साडेसदतीस इंच. लोखंडी कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये तीन फूट जागा आहे म्हणून निर्धास्त झालेल्या परळच्या कुटुंबाला दीड इंचासाठी कपाट मोरीपर्यंत सरकवावं लागतं, आणि मग मोरीचं दार उघडत नाही.

फुल एचडी म्हणजे पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके. फोर केमध्ये 3840 आणि 2160, म्हणजे चौपट. ऐकायला जबरदस्त. पण 43 इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका अर्धा मिलिमीटर भरतो आणि चांगल्या नजरेलाही तो सहा फुटांपलीकडे सुटा दिसत नाही. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. समोरच्या भिंतीला टेकलेल्या कॉटवरून टीव्ही आठ फुटांवर असेल, तर फोर केचे वाढीव ठिपके डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. ते पाहायचे तर जमिनीवर बसून पुढे सरकावं, म्हणजे मागच्यांना काही दिसणार नाही.

‘सिग्नल टू नॉइज रेशो’ ही संज्ञा पन्नाशीच्या पुढच्यांना समजावण्याची गरज नाही. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर चाळीच्या गच्चीवर अँटेना फिरवणारा आणि खाली गॅलरीतून ‘आलं, आलं… गेलं!’ ओरडणारा मिळून हेच गुणोत्तर सुधारत असत. नॉइज म्हणजे मुंग्या. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चित्र एकतर स्वच्छ दिसतं, नाहीतर नायिकेच्या गालाचे चौकोन पडतात आणि मग काहीच दिसत नाही. डिश असेल तर हा अनुभव जुलैतल्या मुसळधार पावसात विनामूल्य मिळतो.

एआरसी हा शब्द टीव्हीच्या मागे एकाच एचडीएमआय खाचेशेजारी बारीक अक्षरात असतो. टीव्हीचा आवाज त्या खाचेतून साउंडबारकडे परत जातो. केबल दुसऱ्या खाचेत घातली तर बार मुका. टीव्ही एकदा भिंतीला चिकटला की तिथे डोकं जात नाही. मोबाइलचा कॅमेरा आत सरकवून वाचावं.

राहिलं पाच पॉइंट एक. पाच स्पीकर, आणि पॉइंटनंतरचा एक म्हणजे फक्त खर्जासाठीचा सबवूफर. मागचे दोन स्पीकर बसणाऱ्यांच्या पाठीशी हवेत. तिथे डब्यांची फळी असल्याने एक डाळीच्या डब्यावर, दुसरा देव्हाऱ्याशेजारी बसतो. सबवूफरचं प्रकरण नाजूक आहे. 40 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 28 फूट, खोली बाराची, आणि खर्ज फळ्यांच्या भिंतीला जुमानत नाही. निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे. (दादरकरांनी जास्त जपावं, 2010 मध्ये उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं, तिथे 50 आणि 40.) लालबागमध्ये गणपतीचे दहा दिवस ही आकडेमोड मांडून उपयोग नाही, बाहेरचा ढोल काही ऐकू देणार नाही.

इतर दिवशी चाचणी अशी घ्यावी. विमानाचं दृश्य लावून सबवूफर हळूहळू वाढवावा आणि फळीवर पोह्यांच्या स्टीलच्या डब्याकडे लक्ष ठेवावं. झाकण थरथरू लागलं की एक घर मागे यावं. आपलं झाकण स्तब्ध असूनही थरथर ऐकू येत असेल, तर ते शेजारच्या काकूंच्या फळीवरचं आहे, आणि त्या गॅलरीतून इकडेच येताहेत.