पॉइंट घासायला पाहिजे

तात्यांना वेळ विचारायची नाही, हा आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीचा अलिखित नियम आहे. 'किती वाजले' एवढं तोंडातून निघायचा अवकाश, तात्या तुमचं मनगट धरून शेडकडे नेणारच. शेडमध्ये 1951 ची शेव्हर्ले उभी. चारही टायर बसलेले, इंजिन उतरवून कोपऱ्यात ठेवलेलं, त्यावर मांजरीने संसार थाटलेला. ते सगळं 'दोन दिवसांचं काम' आहे. खरं काम डॅशबोर्डावरच्या घड्याळाचं, आणि ते कित्येक वर्षं चालू आहे. काम चालू आहे, घड्याळ नव्हे.

असा एक तात्या तुमच्याही पेठेत असणार. कुणाकडे लँब्रेटा असते, कुणाकडे फियाट. फिरवायला नसते, खोलायला असते.

घड्याळाची भानगड मला इतक्यांदा ऐकवली गेली आहे की आता झोपेतही सांगेन. हे घड्याळ चालतं स्प्रिंगवर. बॅटरी फक्त चावी देते. स्प्रिंग उलगडत आली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलमध्ये करंट जातो आणि खट् करून स्प्रिंगला पुन्हा ताण बसतो. दर दोन-तीन मिनिटांनी एक खट्, आणि प्रत्येक खट्ला एक ठिणगी. ठिणग्या खाऊन खाऊन पॉइंट काळे पडतात, घड्याळ थांबतं. त्यातून शेव्हर्ले तेव्हा 6 व्होल्टवर चालायची. मधल्या काळात कुणा शहाण्याने स्टार्टर जोरात फिरावा म्हणून 12 ची बॅटरी जोडली आणि कॉइलही जाळली. तात्यांनी ती गुंडाळून घेतली, तरी घड्याळ ढिम्म.

"करंट हाय मर्दा, पॉइंट धरत न्हाई. पॉइंट घासायला पाहिजे."

हे निदान घड्याळापुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन वर्षानुवर्षं रखडली, तेव्हा तात्या म्हणायचे, धरणात पाणी हाय, गावात नळ हाय, मधला पॉइंट घासायला पाहिजे. 2023 ला पाणी आलं तर म्हणे, "घासला वाटतं कुणीतरी." शेजारच्या पोराचं लग्न जमेना, पोरगा चांगला, पोरी चांगल्या, पॉइंट घासायला पाहिजे. काकूंच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर यांनी विचारलं, "बदलायच्या आधी घासून बघता येईल का?" डॉक्टरांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी छताकडे. एका मयताच्या घरी तर "अटॅक म्हणजे कॉइलच गेली की, नुसता पॉइंट असता तर..." इथवर पोचले होते. मी त्यांना चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर काढलं.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा सगळं कोल्हापूर गाडी डोळ्यांत साठवत असतं. तात्या टाचा उंचावून बंदोबस्ताच्या पोलिसाला विचारतात, "साहेब, तुम्ही जवळ हाय. आतलं घड्याळ चालू हाय का बघा की!" पोलिसाने दिलेलं उत्तर इथे छापता येणार नाही.

रोल्स रॉइसची एक गाजलेली जाहिरात आहे, डेव्हिड ओगिल्व्हीने 1958 मध्ये लिहिलेली. ताशी साठ मैलांना या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो इलेक्ट्रिक घड्याळाचा, असा तिचा मथळा. जगाने त्यात इंजिनाची शांतता वाचली. तात्यांचं वाचन वेगळं. "म्हंजे घड्याळ चालू होतं! कौतुक त्याचं करा की."

आता कोल्हापुरात काय होत नाही? उद्यमनगरात नमुना नेऊन दिला तर पंपाचा, इंजिनाचा कुठलाही भाग ओतून, कातून मिळतो. पण केसाएवढ्या स्प्रिंगशी खेळणारे घड्याळजी संपत आले, आणि उरलेल्यांकडे सेल बदलायचीच गर्दी. एकदा मी भीत भीत सुचवलं, "तात्या, आत क्वार्ट्झचं मशीन टाका, विषय संपला." "म्हंजे डोळा काढून गोटी बसवू?" महिनाभर अबोला.

शेवटी तात्या हुपरीला गेले. जिथे गावभर चांदीचे दागिने घडतात, तिथे त्यांनी एका कारागिरासमोर काकूंचं तुटकं पैंजण ठेवलं आणि मोहरीपेक्षा लहान दोन टिकल्या करून मागितल्या. कारागीर म्हणाला, एवढ्याशा चांदीची मजुरी सांगायला लाज वाटते. पण करून दिल्या. विजेला चांदीइतकी वाट दुसरा कुठलाच धातू देत नाही, हे तात्यांनी परतीच्या एसटीत शेजाऱ्याला उतरेपर्यंत समजावलं.

आणि घड्याळ चालू झालं.

त्या संध्याकाळी गेलो तर तात्या ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसले होते. "मी इथंच बसायचो," म्हणाले. वडील डॉक्टर. रात्री-अपरात्री खेड्यातून बोलावणं आलं की हट्टाने गाडीत बसलेलं हे पोरगं, बाळंतीण अडली की तासन् तास बाहेर अंधारात. "कुत्री भुंकायची. भ्या वाटायचं. मग खट् व्हायचं. पुढच्या खट्पर्यंत दम धरायचा." बाळ झालं की आबा बाहेर येऊन याच घड्याळात बघून जन्मवेळ लिहून द्यायचे.

माणसाला इंजिनाची घाई का नाही, हे मला तेव्हा कळलं. पण तसं बोलायचं सोडून मी म्हणालो, "तात्या, हे दहा मिनिटं पुढे आहे."

"आबा पुढंच ठेवायचे. पेशंटकडं उशीर नको म्हणून."

माझा जन्म आजोळचा, राशिवड्याचा. डॉक्टर तेच, गाडी हीच. घरी येऊन पत्रिका काढली, दहा मिनिटं वजा करून ज्योतिषांकडे नेली. त्यांनी आकडेमोड केली, चष्मा पुसला आणि सांगितलं, मिथुन लग्नाचं वृषभ झालं. तिसऱ्या घरातला मंगळ चौथ्यात आला. म्हणजे तुम्हाला कडक मंगळ.

लग्नाला तीस वर्षं उलटल्यावर ही बातमी बायकोला कशी सांगायची, याचा विचार करतच जेवायला बसलो. सांगितली. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली,

"तरीच!"