वाई, ता. १० (वार्ताहर)

प्रत्येक तालुक्याला एक तहसीलदार, एक फौजदार आणि एक पत्रकार-कम-इतिहासकार असतो. पहिल्या दोघांच्या बदल्या होतात.

वाईचा हा नमुना अख्ख्या गावाचा पत्रकारकाका. खिशाला दोन पेनं, खांद्याला शबनम, स्कूटरच्या मडगार्डवर लाल अक्षरांत ‘प्रेस’. पूर्वी काका बातम्यांचं पाकीट एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देत, आता मोबाइलवरून धाडतात. मानधन मात्र पाकिटाच्या काळातलंच आहे. तेही छापलेल्या सेंटिमीटरवर. त्यामुळे पसरणीच्या घाटात ट्रक उलटला तरी काकांचा मजकूर अफझलखानाच्या छावणीपासून निघतो. उपसंपादक बातमी खालून कापतो. मग छापून येतं ते एवढंच, की खान वाईत होता. ट्रकचं काय झालं ते गावाला दुसऱ्या पेपरात वाचावं लागतं.

इतिहास लिहायला बसले की मात्र काकांमधला वार्ताहर जागा होतो. त्यांच्या ग्रंथात खान वाईत तळ ठोकून ‘असल्याचे समजते’. १० नोव्हेंबर १६५९ रोजी तो प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेल्यावर ‘परिसरात आनंदाचे वातावरण’ आहे. १७६२ साली रास्त्यांनी ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं, तेही ‘मान्यवरांच्या उपस्थितीत’. हे मान्यवर कोण, असं विचारू नये. ग्रंथाच्या प्रती ज्यांनी आगाऊ पैसे भरून घेतल्या, त्यांच्याच आडनावांचे आहेत.

राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं वाईतच मिळाली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक माळ्यावर एक दप्तर आपली वाट बघत पडलंय, अशी काकांची खात्री आहे. कुणाकडे मयत झालं की काका हजर. वहीत आधी ‘पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ उतरवायचं, मग खाकरून, आवाज खाली आणून : “वहिनी, माळ्यावर काही जुनं बाड वगैरे?” तिरडी बांधणारेसुद्धा हात थांबवून वर बघतात.

मेणवलीला कधी त्यांच्याबरोबर जावं. नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाटावर ती प्रचंड घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. काका पाहुण्याचं बोट धरून घंटेवर टेकवतात : ही मेरी, हे बाळ, हे साल १७०७. पाहुणा मान डोलावतो आणि विचारतो, “‘स्वदेस’चं शूटिंग इथंच झालं ना?” काकांचा चेहरा पडतो. पण क्षणभरच. शाहरुख नेमका कुठल्या पायरीवर बसला होता हेही त्यांनाच ठाऊक असतं. ती बातमी त्यांनीच दिली होती, नानांच्या चरित्रासकट.

चेष्टा आपल्या जागी. जीर्णोद्धाराच्या उत्साहात एखाद्या शिलालेखावर ऑइलपेंटचा हात फिरतो, तेव्हा खाली काय अक्षरं होती हे फक्त काकांच्या वहीत मिळतं. मोडी वाचायला विद्यापीठातली मुलं त्यांच्याच ओसरीवर येतात. कागदासमोर बसलेले काका निराळेच : भिंग हलत नाही, चहा निवतो, आणि ‘समजते’, ‘कळते’ एकदाही तोंडात येत नाही. खात्री नसेल तर सरळ म्हणतात, “लागत नाही.”

नगरसेवकाला आपले पणजोबा मावळ्यांत हवे असतात. काका नाही म्हणत नाहीत, म्हणतात, “दुसऱ्या आवृत्तीत घेऊ.” पहिलीचे गठ्ठे अजून त्यांच्या कॉटखाली आहेत आणि गावातल्या प्रत्येक सत्काराला शाल-श्रीफळाबरोबर त्यातली एक प्रत उठते.

परवा काकांचाच सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि ग्रंथ. काकांनी तो कौतुकाने चाळला, एक मुद्रणदोष पेनने सुधारला, घरी येऊन समारंभाची बातमी लिहिली आणि प्रतीचं बिल आयोजकांना पाठवलं.