ओलावा देणे आहे

थंडी पडली, अंग उललं, ओठ फुटले की एका क्रियापदाचा हंगाम सुरू होतो : मॉइश्चराइझ करणे. पूर्वी लोक नुसतं काहीतरी चोपडायचे. चोपडायला वाटीभर तेल घरादाराला पुरायचं. मॉइश्चराइझ करायला दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं, डोळ्यांखालचं वेगळं आणि टाचांचं वेगळं लागतं.

क्रियापदाचा आव असा, की बाटलीतला ओलावा कातडीत भरला जातोय. प्रत्यक्षात कातडीला पाणी मुख्यतः शरीराच्या आतूनच मिळतं आणि वरच्या थरातून ते उडून जातं. ते उडणं रोखायचं, हे खरं काम. त्यात सगळ्यात तरबेज पेट्रोलियम जेली, जिच्यात पाण्याचा थेंबही नाही! रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १८७२मध्ये तिचं पेटंट घेतलं. मूळ माल होता तेलविहिरींच्या यंत्रांवर साचणारा मेणचट मळ. जाहिरातीत मात्र धबधबे, दवबिंदू आणि कोरफड.

ग्लिसरीन निदान पाणी धरून तरी ठेवतं. साबण बनताना ते आपोआप तयार होतं. मोठे कारखाने त्यातलं बरंचसं काढून घेतात. मग तो साबण आपल्या अंगावरचं तेल काढून नेतो, अंग कोरडं पडतं आणि ग्लिसरीन सुंदर बाटलीतून आपल्याला विकलं जातं. व्यवहार दोन्हीकडून चोख.

पुढचा शब्द 'पोषण'. बदाम, केशर, दूध, मध. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. मेलेल्यांना इतकं साग्रसंगीत जेवण आपल्याकडे फक्त श्राद्धाला वाढतात, आणि तेही वर्षातून एकदाच.

कोकणात टाचांच्या भेगांना मुठेल लावायची जुनी रीत आहे. कोकमाच्या बियांचं हे थिजलेलं तेल. गोळा घ्यायचा, गरम करायचा, भेगांत भरायचा. तेच आता 'कोकम बटर' होऊन डबीत बसलंय. टाच तीच, भेग तीच, फक्त दर सुधारला.

सगळीच क्रीमं फसवी असं नाही. इसबाच्या रुग्णाला चांगलं मॉइश्चरायझर हा उपचाराचाच भाग असतो आणि मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर जेली थापणंही शहाणपणाचं नाही. पण धडधाकट माणसाच्या कोरड्या हातापायांना महागडं व्याकरण लागत नाही. आंघोळ कोमट पाण्याने करा, साबण बेताने वापरा आणि अंग टिपून ओलसर असतानाच परवडेल ते साधं, बिनवासाचं काहीतरी लावा. खाज थांबेना, भेगांतून रक्त येऊ लागलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बाकीचे पैसे वाचवा. थंडीत खिसाही कोरडा पडतो आणि त्यावर अजून कुठल्या कंपनीने क्रीम काढलेलं नाही.