कृपया येऊ नये

टोकियोतल्या शिबुया वॉर्डाचे महापौर केन हासेबे यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये साऱ्या जगाला जाहीर विनंती केली, की हॅलोविनसाठी कृपा करून आमच्याकडे येऊ नका. आजवर कोणत्याही आग्रहाच्या निमंत्रणाला मी दिला नसेल इतका मान मी या विनंतीला दिला. हॅलोविनच्या संध्याकाळी जेवण लवकर उरकलं, टीव्हीवर शिबुया चौकाचा लाइव्ह कॅमेरा लावला आणि विनंती धुडकावून आलेल्यांकडे नापसंतीने पाहत बसलो.

स्टेशनबाहेरचा हा चौक यूट्यूबवर रात्रंदिवस चालू असतो. दिवा लागला की सगळ्या बाजूंची वाहनं एकदम थांबतात आणि माणसं सरळ, आडवी, तिरपी, मनाला येईल तशी सुटतात. ऐन गर्दीत एका दिव्याला तीन हजारांपर्यंत माणसं पार होतात असं सांगतात, आणि कोणी कोणाला धडकत नाही. पाऊस असला तर छत्र्याही धडकत नाहीत. मुक्कामाला आलेल्या आत्याने हे थोडा वेळ पाहिलं.

"कुठली रे ही जत्रा?"

"जत्रा नाही गं, चौक आहे."

"मग एवढी माणसं कशाला जमलीत?"

"एकमेकांना बघायला."

"म्हणजे जत्राच की!"

आत्याने एका वाक्यात जे सांगितलं, तीच शिबुयाच्या महापौरांची डोकेदुखी आहे. इथल्या हॅलोविनला ना देव, ना मिरवणूक, ना व्यासपीठ, ना अध्यक्ष. माणसं वेश करून येतात ती वेश करून आलेल्या माणसांना पाहायला. बरं, बंद करायचं म्हटलं तर परवाना कोणाचा रद्द करणार? २०१८ साली गर्दीने एक छोटा ट्रक उलटा केला, तेव्हा पुढच्या वर्षी त्या दिवसांपुरती रस्त्यावर दारू पिण्याला बंदी आली. मग २०२२ मध्ये सोलच्या इतेवॉनमध्ये हॅलोविनच्या चेंगराचेंगरीत दीडशेहून अधिक माणसं, बहुतेक तरुण, मेली. त्यानंतर यात थट्टेचं काही राहिलं नाही. महापौरांची विनंती आली ती त्यातून. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर संध्याकाळी सहा ते पहाटे पाच, बारा महिने, शिबुयाच्या रस्त्यावर पिण्याला मनाई आहे. माझ्यावर याचा परिणाम झाला नाही. मी ताकच पितो.

कॅमेऱ्याचा एक दोष मात्र मान्य करायला हवा. तो उंचावर आहे. कोणी महिनाभर खपून अंगावर रक्ताचे ओघळ रंगवले, तरी वरून तो ठिपकाच. थडग्यातून उठून आलेला प्रेतात्मा आणि शेवटच्या गाडीसाठी निघालेला कारकून यांच्या चालीत वरून काही फरक दिसत नाही. दिसलाच, तर कारकून जास्त हुबेहूब वाटतो.

चौकाच्या कडेलाच हाचिकोचा पुतळा आहे. १९२५ मध्ये मालक वारला, तरी हा कुत्रा १९३५ पर्यंत, स्वतःच्या मरणापर्यंत, याच स्टेशनावर त्याची वाट पाहत राहिला. त्याच्या हयातीतच त्याचा पहिला पुतळा झाला आणि अनावरणाला तो जातीने हजर होता. कसलीही अडचण न करता एकाच जागी बसून, दिसेल ते वर्षानुवर्षं पाहणारा तो पहिला प्रेक्षक. आमच्या पंथाचा तो मूळपुरुष! २०२३ च्या हॅलोविनला त्यालाही कुंपण घालून झाकून टाकलं होतं. विनंती त्यालाही लागू होती म्हणायची.

फुटबॉलच्या रात्री कॅमेऱ्याला खरी रंगत येते. २०२२ च्या विश्वचषकात जपानने जर्मनीला २-१ असं हरवलं, तेव्हा शिबुयात आनंद झाला तो हप्त्याहप्त्याने. दिवा हिरवा झाला की पोरं चौकाच्या मधोमध धावत, अनोळखी माणसांच्या हातावर टाळ्या देत, ओरडत. दिवा लाल झाला, पोलिसांची शिट्टी वाजली, की आनंद आवरून फुटपाथवर. पुन्हा हिरवा, पुन्हा बेभान. सिग्नल पाळून बेभान होणारी जमात पृथ्वीवर आहे हे मला कॅमेऱ्यानेच दाखवलं.

याच चौकात २०१३ साली जपान विश्वचषकाला पात्र ठरलं, त्या रात्री एका पोलिसाने गाडीवर चढून माइक घेतला. लोकांना दटावायचं सोडून त्याने त्यांना संघाचे बारावे खेळाडू ठरवलं आणि खेळाडूला शोभेल असं वागा म्हणून गोड बोलून घरी पाठवलं. गर्दीने पोलिसांच्याच नावाचा गजर केला आणि सगळा देश त्याला 'डीजे पोलिस' म्हणू लागला. आपल्याकडे पोलिस येतात ते डीजे बंद करायला. तिथे पोलिसच डीजे झाला आणि त्याला वरिष्ठांनी बक्षीसही दिलं.

पण माझा खरा सण ३१ डिसेंबर. टोकियो आपल्यापुढे साडेतीन तास, त्यामुळे तिथलं नवं वर्ष इथे रात्री साडेआठला लागतं. आमच्या वयाला ही वेळ फार सोयीची. तिथला काउंटडाउनही २०२० पासून रद्दच आहे. एरवी झगमगणारे मोठे पडदे काळे, चौकात पोलिस, आणि सूचना एकच: थांबू नका, चालत राहा. ही सूचना मला डॉक्टरही देतात. आत्या आणि मी खिचडीची ताटं मांडीवर घेऊन बसतो. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजतात आणि टोकियोत काहीच होत नाही, कारण कॅमेऱ्यातलं चित्र आमच्यापर्यंत यायला काही सेकंद लागतात.

"जपानी माणसं वक्तशीर ना रे?" आत्या विचारते.

"उशीर आपल्या वायफायला झालाय."

तेवढ्यात ठिपक्यांचे काही हात वर होतात. आम्ही एकमेकांना शुभेच्छा देतो, ताटं घासायला टाकतो आणि झोपायच्या तयारीला लागतो.

मागच्या वर्षी नेमकी तेव्हाच बेल वाजली. सोसायटीची पोरं होती. गच्चीत बाराला केक, बरोब्बर बाराला वर यायचं, काका.

"आमचं झालं," मी म्हणालो. "साडेआठलाच लागलं आमचं नवं वर्ष."

"हॅपी न्यू इयर, काका," पोरगा म्हणाला आणि पावतीपुस्तक उघडलं. "मग मागच्या वर्षीची वर्गणी राहिली म्हणायची."