अर्धा इंच डावीकडे

आमच्या घरात थरचं वाळवंट शिरलं ते मेथीच्या जुडीबरोबर. मंडईतून परतताना पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक घडी घातलेलं कापड दिसलं. मला वाटलं, कुणाचा तरी टेबलक्लॉथ. उलगडलं तर कापडावर चिकटवलेला सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा निघाला. पत्रक क्रमांक 40 जे, एका इंचाला चार मैल, छपाई स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधीची. विक्रेत्याने दोनशे सांगितले, मी शंभरावर अडून बसलो. “काका, अख्खं जैसलमेर आहे,” तो म्हणाला, “शंभरात आता सातबाराचा उतारासुद्धा कुणी हातात देत नाही.” दीडशेला तुटलं. घरी येऊन हिशेब केला: एक अंश बाय एक अंश, म्हणजे चार हजारांहून जास्त चौरस मैल जमीन. मैलाला चार पैसेही पडले नाहीत.

“अहो, कोथिंबीर कुठाय?” हिने विचारलं.

कोथिंबीर राहिली होती.

डोंगरात भटकणाऱ्या पुणेकरांना ‘47 एफ’ पाठ असतं, कारण त्यात पुणं येतं. 40 जे हे त्याच कुटुंबातलं, फक्त दूर दिलेलं. सबंध देशाचे चार-चार अंशांचे चौकोन, त्यांना आकडे. प्रत्येकाचे सोळा तुकडे, त्यांना ए ते पी अक्षरं. जैसलमेर आमच्या पत्रकाच्या अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात अंग चोरून बसलंय आणि डावीकडे सगळी वाळू. डाव्या कडेला जैसलमेर संस्थानाची हद्द संपते आणि सिंधचा थरपारकर जिल्हा लागतो. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता. म्हणजे अकबर जिथे जन्मला ते उमरकोट, त्याच्या भोवतीचं वाळवंट, तिथले उंट, सगळं आमच्या मुंबईच्या कारभाराखाली. इथला एखादा कारकून बदलीच्या हुकमात थरपारकर वाचून कसा मटकन बसत असेल, या विचारात माझा एक सबंध रविवार गेला.

ही म्हणाली, “मोबाइलवर असतो की नकाशा. फुकट.”

असतो. मी लावूनही पाहिला. जैसलमेरच्या पश्चिमेला बोट ठेवलं की फिकट पिवळी रिकामी जागा येते. मोठी करत गेलं की तंबूंची हॉटेलं उगवतात, उंटाच्या सफारी उगवतात आणि प्रत्येकाला कुणीतरी तारे दिलेले असतात. आमच्या कापडी नकाशात त्याच जागी साखर सांडून मुंग्या लागाव्यात तशी नावं. एवढ्या रिकाम्या मुलखात एवढी नावं कशाला, हे काही केल्या कळेना. शिवाय नावं सगळी रोमन लिपीत, साहेबाच्या कानाने ऐकलेली. भिंग घेऊन मी वाचू लागलो: अमक्याची धनी, तमक्याची धनी.

“एवढे धनी त्या वाळवंटात काय करतात?” हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

दोन दिवसांनी उलगडा झाला की ती ढाणी. ढाणी म्हणजे वाळवंटातली वाडी; चार झोपड्या, एक कुंपण, थोडी गुरं. मग ‘तला’ आला. आपलं तळंच ते, असं मी ठरवून टाकलं, तर मारवाडीत तला म्हणजे खोल विहीर. बेरा म्हणजे विहीर, बेरी म्हणजे लहान विहीर, कोहर म्हणजे आणखी खोल विहीर. ‘सर’ म्हणजे सरोवर. जैसलमेरच्या वेशीवर तर गडीसर आहे. गडी आणि सर एकाच नावात गुण्यागोविंदाने नांदताना मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. मग डोक्यात प्रकाश पडला. ही मुळी गावांची नावं नव्हतीच, ही पाण्याची नावं होती. गाव नंतर येऊन पाण्याच्या नावावर राहिलं होतं, घरजावयासारखं.

या नकाशांची खूणसूची हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. निळा रंग पाण्याला. ज्या ओढ्यानाल्यांत बारमाही पाणी नाही ते काळ्या रेघेने. आमच्या पत्रकात ओढे चिकार आणि सगळे काळेकुट्ट; छापखान्यात निळ्या शाईचा डबा तसाच उरला असणार. वाळूचे तीन प्रकार: सपाट, कायम टेकड्या, सरकत्या टेकड्या. मी नोकरीत कायम झालो तो सातव्या वर्षी, तोही साहेबांच्या चार चकरा मारून. इथे वाळूच्या ढिगाला पहिल्याच पाहणीत कायम करून टाकलंय. झोपड्यांतही कायम आणि तात्पुरती असा भेद आहे. आणि गावांमध्ये दोन: वसलेलं आणि उजाड.

उजाड गावाला आपल्या महसुली दप्तरात फार चांगला शब्द आहे, बेचिराग. जिथे दिवा लागत नाही ते. बोलताना आपण त्याचं बेचिराख करून टाकलं आणि उगाच आग लावली. जैसलमेरहून पंधरा-वीस किलोमीटरवर कुलधरा आहे, पालीवाल ब्राह्मणांचं बेचिराग गाव, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास सुटलेलं. सालिमसिंग नावाच्या दिवाणाची एका मुलीवर नजर गेली आणि चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली, जाताना शाप देऊन गेली, अशी कथा तिकिटाबरोबर ऐकवतात. सालिमसिंगाचा जुलूम खरा, त्याबद्दल राजस्थानचा इतिहासकार कर्नल टॉड यानेही लिहून ठेवलंय. पण एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं? आमच्या सोसायटीला पाण्याची टाकी धुवायची तारीख ठरवायला तीन सभा लागतात. जबर कर आणि आटत गेलेलं पाणी यांनी माणसं हळूहळू गेली असावीत, हेच मला पटतं. सर्व्हेवाल्यांच्या खूणसूचीत देवळाला, मशिदीला, छत्रीला, थडग्याला खूण आहे, पण भुताला नाही. शापालाही नाही. एवढ्यावरूनच माझा त्या खात्यावर विश्वास बसला.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं निघालो. कुलधऱ्यात सगळे पडक्या घरांत भूत शोधत होते. आम्ही गावाबाहेर खडीन बघायला गेलो. खडकाळ उताराच्या पायथ्याशी लांबच लांब मातीचा बांध घालायचा. वर्षाला सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आत पाऊस, आंबोलीला आषाढात हा एका दिवसाचा ऐवज. ते सगळं पाणी उतारावरून येऊन बांधाशी थांबतं, जमिनीत मुरतं, वरची माती वाफशावर आली की त्या ओलीवर गहू आणि हरभरा. पुन्हा पाणी द्यायचं नाही, द्यायला नसतंच. पालीवालांनी वाळवंटात गहू पिकवला तो असा. कोरड्या ओढ्याला एवढा मोठा बांध कशाला, असं मी घरी नकाशा बघून हसलो होतो. ते हसू मी तिथे बांधावर उभं राहून परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी खुडीकडे. माझ्या मनात एक बेरी भरली होती. नकाशाच्या तिसऱ्या घडीवर ती येत असल्याने नाव घासून गेलं होतं, रोमन अक्षरांतली शेवटची ‘बेरी’ एवढी चारच अक्षरं उरली होती. ती गाठायचीच, असं मी ठरवलं. आमचा ड्रायव्हर पंचविशीचा, मला काकोसा म्हणायचा. बॉनेटवर मी नकाशा पसरला तसा तो चारी दिशांना बघू लागला. “काकोसा, इधर नक्शा मत खोलिये. बॉर्डर नजदीक है.” मी म्हटलं, “अरे, यह नक्शे में बॉर्डरच नहीं है!” या उत्तराने तो आणखी घाबरला.

छापलेल्या खुणेवर पोचलो तर तिथे एक खेजडीचं झाड आणि तीन शेळ्या. पाण्याचा पत्ता नाही. ही काही बोलली नाही, आणि हिचं न बोलणं मला व्यवस्थित ऐकू येतं. मागे एक ढाणी लागली होती, तिथे परतलो. बाजेवर एक म्हातारा बसला होता. ड्रायव्हरने “दादोसा” म्हणून पायाला हात लावला, चहा आला आणि नकाशा म्हाताऱ्याच्या मांडीवर गेला. त्याने तो उलटा धरला. मी सुलटा करू लागलो, तर हात बाजूला सारून म्हणाला, “तुम्ही वाचा, मी बघतो.”

मी साहेबी उच्चारात नावं वाचत गेलो आणि तो एकेक नाव धुऊन, पुसून, नीट करून परत देत गेला. हा तला आटला, हा अजून चालतो, इथे पूर्वी आमची मावशी दिली होती, हे पाणी खारं, फक्त उंटाला. अर्ध्या तासात माझ्या नकाशावर माणसं हिंडू लागली. बेरीपाशी आलो तेव्हा तो मिशीत हसला. “ती इथे नाही. मावळतीकडे आहे. साहेब भर दुपारी आला असेल, उंटावरून उतरायला कंटाळला असेल. विचारलं असेल, पाणी कुठे? आमच्यातल्या कुणीतरी हनुवटीने दाखवलं असेल.”

तो साहेब खरं तर बहुतेक वेळा आपलाच माणूस असे. तिपाईवर प्लेन टेबल मांडून तो जागेवरच कागदावर रेघा ओढायचा, आणि ते टेबल वाहून नेणाऱ्या मदतनिसांना सर्व्हे खात्यात खलाशी म्हणतात. वाळवंटात खलाशी! उंटाला वाळवंटातलं जहाज म्हणणाऱ्याला हे ठाऊक असेल की नाही कोण जाणे, पण हुद्दा चपखल आहे.

आणि खलाशांना घेऊन हिंडणाऱ्या या माणसाचा इतिहासाशी काही संबंध नव्हता, हेच बरं झालं. उत्तरेला घग्गरच्या कोरड्या पात्राचं उदाहरण घ्या. तिथल्या सपाट प्रदेशात माणसापेक्षा थोडं उंच टेकाड दिसलं की सर्व्हेवाला हरखून ते टिपायचा, कारण टिपायला दुसरं काही नसायचंच. आपण ज्याला पांढरीचं टेकाड म्हणतो, तिकडे थेड म्हणतात, तेच हे. बुडालेल्या वस्त्यांचे ढीग. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन 1940-41च्या हिवाळ्यात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ही टेकाडं बघत त्या पात्रातून हिंडला. (मला अडुसष्टाव्या वर्षी जीपमधून उतरताना हात द्यावा लागतो.) पुढे ट्रॅक्टर आले, कालवे आले, कितीतरी टेकाडं नांगरून सपाट झाली. 2019 साली केंब्रिजच्या कॅमेरून पेट्री आणि मंडळींनी वायव्य भारताचे शंभर वर्षांपूर्वीचे, मैलाला एक इंच मापाचे नकाशे घेऊन नेमका हाच खटाटोप प्रसिद्ध केला: नकाशावरच्या टेकाडांवरून प्राचीन वस्त्या हुडकायच्या. हडप्पाचं नावही न ऐकलेल्या माणसाने केवळ कंटाळ्यापोटी केलेल्या खुणा पुरातत्त्वाच्या कामी आल्या.

नव्या नकाशात त्या भागात भरपूर निळं आहे. इंदिरा गांधी कालव्याचं काम 1958 साली सुरू झालं आणि हिमालयाचं पाणी पार जैसलमेर जिल्ह्यात आलं. पाण्याबरोबर नवी गावंही आली, पण त्यांची नावं ठेवली कालव्याच्या हिशेबाने, आकडा आणि इंग्रजी अक्षरं. अनूपगढकडे एक हडप्पाकालीन स्थळ सापडलंय. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या त्या गावाला अभ्यासक आज ‘4 एमएसआर’ म्हणून ओळखतात. स्कूटरचा नंबर वाटावा असं नाव. पाणी दुर्मीळ होतं तेव्हा डबक्यालाही बारसं होतं. ते मुबलक आलं तसा गावालासुद्धा नंबर पुरतो.

बेरी सापडली. म्हाताऱ्याने नातवाला जीपमध्ये बसवून दिलं होतं. वाळूच्या खोलगटीत हात-दीड हात रुंदीचं तोंड, वर लाकडी झाकण. ही साधी विहीर नव्हे. इथे वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समसारखा, पट्टा असतो; तो पावसाची ओल खालच्या खाऱ्या पाण्यात उतरू देत नाही. त्या ओलीला रेजाणी पाणी म्हणतात. पावसाचं ते पालर, पाताळाचं ते पाताल आणि यांच्या अधलंमधलं हे रेजाणी. खणणारा चेजारो आखूड दांड्याचं अवजार घेऊन आत उतरतो, कारण लांब दांडा फिरवायला जागाच नसते. वरची माणसं मधूनमधून मूठभर वाळू जोराने खाली फेकतात, तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते. डोक्यावर वाळू बरसते म्हणून चेजारो धातूचं भांडं टोपीसारखं घालतो. त्या तोंडाशी ओणवं होऊन मी खाली पाहिलं. काळोख होता, आणि काळोखाच्या तळाशी नाण्याएवढं आकाश हलत होतं. नातवाने पोहरा सोडला, बऱ्याच वेळाने वर ओढला. हिने ओंजळ धरली, प्यायली आणि म्हणाली, “गोड आहे हो.” मेथीच्या जुडीपासून सुरू झालेल्या या प्रकरणात मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक.

ज्यांना पदपथावर घबाड लाभत नाही त्यांच्यासाठी अमेरिकन लष्कराने 1950च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे आहेत. मुख्यतः आपल्याच सर्व्हेच्या नकाशांवरून बेतलेले, आणि टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते जगाला मोफत खुले केलेत. त्यांच्या तळाशी एक गोड विनंती असते: चूक आढळल्यास नकाशावर खूण करून वॉशिंग्टनला आर्मी मॅप सर्व्हिसच्या प्रमुखाकडे पाठवावा. त्यांच्या चुकाही आपल्याच नकाशातून गेलेल्या असणार, तेव्हा बेरीबद्दल कळवावं असं मी घोकत होतो. ही म्हणाली, “पाठवा की, पोस्टाचे मी देते.” पण आर्मी मॅप सर्व्हिसचं नाव 1968 सालीच बदललं आणि पुढे ती दुसऱ्या खात्यात विलीन झाली.

तेव्हा दुरुस्ती इथेच देतो. कुणाकडे 40 जे असेल तर पेन्सिलने करून घ्यावी: खुडीच्या वाटेवरची, तिसऱ्या घडीवर येणारी ती बेरी छापलेल्या जागेपेक्षा अर्धा इंच डावीकडे, म्हणजे दोन मैल पश्चिमेला आहे. पाणी गोडं आहे. दोर आपला न्यावा.