नववं मिनिट

दिल्लीत वेळेला किंमत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा नवी दिल्ली स्टेशनच्या अजमेरी गेटला गाडी घालावी. माणसं सोडायला-न्यायला आलेल्या खासगी गाडीला पहिली 8 मिनिटं फुकट, पंधराव्या मिनिटापर्यंत 50 रुपये, अर्ध्या तासापर्यंत 200 आणि पुढे 500, असे दर इथे लागले. रेल्वेने झेलम एक्स्प्रेसच्या वेळापत्रकावर एवढं प्रेम केलं असतं तर पुण्याची आत्या कधीच वेळेवर पोचली असती.

समजा, आत्या आली. चार पिशव्या, एक लोणच्याची बरणी आणि हमालाशी अस्सल सदाशिवपेठी मराठीत घासाघीस. सगळं उरकून तुम्ही फाटकाच्या रांगेत लागता, तर सर्वांत पुढचा गाडीवाला पाचशेचे सुट्टे मागतोय. नववं मिनिट तिथेच भरतं. गाडी तासभर लेट आली त्याचा दंड मात्र कुणी कुणाकडे मागायचा नसतो.

ब्रिटनमध्ये खासगी पार्किंगवाल्यांच्या नियमावलीत मुदत संपल्यावरही किमान 10 मिनिटांची सूट असते. तरी पावती आलीच तर ‘पॉपला’ नावाच्या त्रयस्थाकडे फुकट अपील. आपल्याकडचं अपील फाटकावरच निकाली निघतं. फिर्यादी, न्यायाधीश आणि वसुली कारकून एकच, आणि मागचे हॉर्न त्याच्या बाजूने साक्ष देतात. आत्या म्हणते, ‘दे रे पन्नास रुपये, वाद कशाला?’ पार्किंगचा धंदा या एका वाक्यावर चालतो.

कोर्टात जाणाऱ्यांनी दिल्लीचाच एक दाखला वाचावा. 1998 च्या ऑगस्टमध्ये पंचतारांकित हॉटेलात एकाने मारुती झेन कर्मचाऱ्याच्या हवाली केली. तिघा पोरांपैकी एकाने टेबलावरची किल्ली उचलून गाडी पळवली. पावतीवर छापलं होतं, जबाबदारी मालकाची! हॉटेलचा निष्काळजीपणा असेल तर या छापील ओळीआड लपता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये सांगितलं. म्हणजे 21 वर्षांनी. तेवढ्या वेळाचं पार्किंग कुणी आकारलं नाही, हे नशीब.

तरीही पर्ची फेकू नका. आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ तिच्यावर छापून घ्या, दरफलकाचा फोटो काढा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि एवढ्या किरकोळ रकमेला तिथे फी पडत नाही.