टाकीतली कोळंबी, रस्त्यावरची माणसं

हाँगकाँगजवळचं चेउंग चाऊ बेट जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं. वीसेक हजार माणसं तिथे राहतात आणि रविवारी उरलेलं हाँगकाँग निवांतपणा शोधायला बोटीने तिथेच उतरतं. खासगी मोटारींना बेटावर मज्जाव आहे. मागून सायकलची घंटी वाजली की सरकायचं कुठे, हे मात्र माहितीपत्रकात लिहीत नाहीत.

धक्क्यालगत हॉटेलांच्या टाक्या: मासे, खेकडे, शिंपल्या, एकमेकींच्या अंगावर चढलेली कोळंबी. टाकीत आणि रस्त्यात फरक एवढाच, की टाकीत हवेची नळी सोडलेली असते. आपण बोट दाखवायचं. मासा जाळीने उचलून वजनाला लागतो आणि थोड्याच वेळात वाफवून, आलं-कांद्याच्या पातीवर कडकडीत तेल आणि सोया सॉस घालून, डोक्यासकट समोर येतो. चव अशी, की टेबलावरचं बोलणं थांबतं. सहलीला आलेली आमची मंडळी तेवढी लसणीची चटणी काढून त्या माशाला ‘आमच्याकडे तिरफळ घालतात’ असं सुनावतात.

चिनी पंचांगाच्या चौथ्या महिन्यात इथे पावांचा उत्सव भरतो. गर्दीचा कळस तेव्हाच, आणि नेमकं तेव्हाच बेटावर सामिष वर्ज्य. मॅकडॉनल्ड्ससुद्धा मशरूमचा बर्गर विकतं. शहर मासे खायला लोटतं आणि बेट श्रावण पाळतं!

तेव्हा जायचं तर आडवारी जा. आणि मेनूत किमतीच्या जागी ‘आजचा भाव’ लिहिलेलं दिसलं, तर मासा टाकीबाहेर येण्याआधी आकडा विचारून घ्या.